विमानाची पॉलिसी मागून वाचावी

२०२२ च्या मार्चमध्ये पाश्चात्त्य कंपन्यांनी भाड्याने दिलेली चारशेहून अधिक विमाने रशियात अडकून पडली. २४ फेब्रुवारीला युक्रेनवर हल्ला झाला, पाठोपाठ युरोपीय संघाचे निर्बंध आले आणि रशियन कंपन्यांशी केलेले लीझ-करार २८ मार्चच्या आत गुंडाळा, असा हुकूम सुटला. बहुतेक विमाने परत आलीच नाहीत. १० मार्चला रशियन सरकारने ती देशाबाहेर न्यायलाच बंदी घातली. डब्लिनची एअरकॅप ही जगातली सर्वांत मोठी विमान-लीझिंग कंपनी. तिने सुमारे साडेतीन अब्ज डॉलरचा दावा लावला.

विमा होता, एक सोडून दोन प्रकारचा होता. पहिला ‘ऑल रिस्क्स’, दुसरा ‘वॉर रिस्क्स’. विमान कंपन्यांनी आपणहून विमाने लाटली असे मानले, तर पहिला लागू. सरकारने अडवून धरली असे मानले, तर दुसरा. पहिल्याची मर्यादा मोठी, दुसऱ्याची बरीच कमी. त्यात वॉरच्या विमा कंपन्यांनी मधल्या दिवसांत रशिया वगळल्याच्या नोटिसा धाडलेल्या, त्यामुळे नुकसान नेमके कोणत्या तारखेला झाले यावरही खल. लंडनच्या उच्च न्यायालयाने ११ जून २०२५ ला निकाल दिला: विमाने गेली ती सरकारी बंदीमुळे, तारीख १० मार्च, पैसे वॉर विमा देईल. एअरकॅपच्या पदरात एक अब्ज डॉलरहून थोडी अधिक रक्कम पडली. जगातले उत्तमोत्तम वकील आणि ब्रोकर हाताशी असलेल्या कंपनीची ही गत.

‘ऑल रिस्क्स’ या नावाने भल्याभल्यांना झोप लागते. पण नावात काही नसते. विम्यातली भोके शोधायची तर ती एखाद्या वाक्यात कमी आणि दोन कागदांच्या सांध्यात जास्त सापडतात: ऑल रिस्क्स आणि वॉरच्या मध्ये, मालक आणि बँकेच्या मध्ये, पॉलिसीतला पायलट आणि कॉकपिटमधला पायलट यांच्या मध्ये. म्हणून पॉलिसी तपासणे म्हणजे ती एकटी वाचणे नव्हे. शेजारी लॉगबुक, हँगरचा भाडेकरार, बँकेचे कर्जपत्र आणि देखभालीचे कंत्राट मांडून बसावे लागते.

अब्जावधी डॉलरची गोष्ट बाजूला ठेवू. आपल्याकडे गोंदिया, बारामती, धुळे, शिरपूर अशा ठिकाणी वैमानिक तयार होतात. समजा, अशाच एखाद्या फ्लाइंग स्कूलकडे चार सेस्ना १७२ आहेत आणि रिन्यूअल आले आहे. पॉलिसी मुंबईतल्या विमा कंपनीची, तिचा पुनर्विमा मुंबईच्याच जीआयसी री मार्फत आणि पुढे परदेशात उतरवलेला. या साखळीमुळे मजकूर बहुधा लंडनच्या बाजाराचाच असतो. ‘एव्हीएन १सी’ हा १९९८ चा नमुना जगभर वापरला जातो. त्याचे चार भाग: पहिला विमानाच्या नुकसानीचा, त्याला ‘हल’ म्हणतात, दुसरा त्रयस्थांना द्याव्या लागणाऱ्या भरपाईचा, तिसरा प्रवाशांच्या भरपाईचा, आणि चौथ्यात सगळ्यांना लागू असलेले अपवाद, अटी आणि व्याख्या. कंपनीगणिक शब्द थोडे बदलतात, सांगाडा तोच राहतो.

आपण वाचतो ते पहिल्या भागापासून. तिथे सगळे गोड असते, विमानाला अपघाताने झालेले नुकसान कंपनी भरून देईल वगैरे. माझा आग्रह असा की, आधी शेड्यूल, म्हणजे विमान, वापर, पायलट आणि रकमा यांचा तक्ता वाचा, मग थेट मागे जाऊन शेवटी जोडलेली एन्डॉर्समेंट्स, म्हणजे पुरवणी कलमे. मूळ मजकुराशी त्यांचे पटले नाही तर चालते ते एन्डॉर्समेंटचे. मग चौथ्या भागातल्या व्याख्या, अपवाद, अटी. पहिला भाग सर्वांत शेवटी. तोवर त्यातले काय शिल्लक राहिले आहे, ते कळलेले असते.

शेड्यूलमध्ये ‘वापर’ असा एक रकाना असतो. एव्हीएन १सी मध्ये खासगी, व्यावसायिक कामासाठी, व्यापारी आणि भाड्याने असे चार ठरीव वापर आहेत. त्यांच्या व्याख्येखालीच लिहिलेले आहे की प्रशिक्षण, कसरती, शिकार, गस्त, आग विझवणे, विमानातून हेतुपुरस्सर काही टाकणे, फवारणे वा सोडणे, प्रयोग आणि स्पर्धा या गोष्टी या चारांत धरलेल्या नाहीत. त्या हव्या असतील तर शेड्यूलमध्ये ‘विशेष वापर’ म्हणून वेगळ्या लिहून घ्यायच्या. म्हणजे रकान्यात नुसते ‘कमर्शियल’ टाइप झाले आणि ‘इन्स्ट्रक्शन’ राहिले, तर फ्लाइंग स्कूलचा मूळ धंदाच पॉलिसीबाहेर! हे अशक्य वाटते, पण गेल्या वर्षीच्या फाइलमधून नवे शेड्यूल उतरवताना एक शब्द गळणे काही अवघड नाही.

आणि ‘हेतुपुरस्सर काही टाकणे’ हे शब्द वाचताना मला आपल्याकडची हेलिकॉप्टरमधून होणारी पुष्पवृष्टी आठवते. लग्न असो, जयंती असो की नेत्याचे आगमन, गुलाबाच्या पाकळ्यांची पोती भरून हेलिकॉप्टर भाड्याने आणले जाते. पाकळ्या निरुपद्रवी असतील. पोते सुटून टेल रोटरकडे गेले तर निरुपद्रवी राहणार नाही. त्या दिवशी पॉलिसी उघडली जाईल आणि सर्व्हेअर पहिला प्रश्न विचारेल: हा वापर लिहिला होता का?

चौथ्या भागातल्या अपवादांच्या यादीत उतरण्याच्या जागेचाही अपवाद आहे. निर्मात्याच्या शिफारशींत न बसणाऱ्या जागेवरून उड्डाण केले किंवा तिथे उतरले, तर अगतिक परिस्थिती वगळता विमा नाही. निवडणुकीच्या हंगामात शाळेच्या मैदानावर चुना मारून तयार होणारे हेलिपॅड ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना या वाक्याचे वजन कळेल. विमानात जाहीर केलेल्या आसनांपेक्षा जास्त प्रवासी, भौगोलिक हद्दीबाहेरचे उड्डाण, ट्रकवर लादून विमान हलवणे हेही तिथेच सापडते. यांतली शेवटची गोष्ट लोक हमखास विसरतात. पंख काढून विमान दुरुस्तीला ट्रेलरवरून धाडले आणि घाटात ट्रेलर कलंडला, तर विमानाचा विमा हात वर करतो. अपघातानंतर उचलून नेणे तेवढे चालते. एरवी ट्रान्झिटचा वेगळा विमा लागतो.

आता पायलट. शेड्यूलमध्ये एक तर नावे असतात, नाहीतर पात्रता: वैध लायसन्स, एकूण इतके तास, पैकी या प्रकारच्या विमानावर इतके. समजा, अट आहे एकूण ५०० तास आणि त्या प्रकारावर २५. जुलैत नवा इन्स्ट्रक्टर रुजू झाला. त्याच्याकडे ९०० तास आहेत, पण बहुतेक दुसऱ्या बनावटीच्या विमानावरचे. सेस्ना १७२ वर १९. कामावर घेताना कोणी पॉलिसी उघडत नाही, लायसन्स आणि मेडिकल पाहतात. हवाई नियामक डीजीसीएच्या दृष्टीने तो पूर्ण पात्र आहे, विमा कंपनीच्या दृष्टीने त्याने उडवलेले प्रत्येक उड्डाण विम्याबाहेर. जमिनीवर विमान हलवायला कोणीही जाणकार माणूस चालतो, ही सवलत मात्र मजकुरात असते. विद्यार्थ्याच्या एकट्याच्या उड्डाणालाही तासांची हीच अट आडवी येते. त्याचे तास तर या अटीत कधीच बसणार नाहीत, म्हणून ‘मान्यताप्राप्त इन्स्ट्रक्टरच्या देखरेखीखालील विद्यार्थी’ असे शब्द हवेतच.

यावर नेहमीचा प्रश्न असा: अपघात पक्ष्यामुळे झाला, पायलटच्या तासांचा त्याच्याशी काय संबंध? उत्तर तुम्ही कोणत्या न्यायालयात उभे आहात यावर ठरते. अमेरिकेत टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये असा दावा मंजूर केला होता. विमानाची वार्षिक तपासणी राहून गेली होती, पण अपघात झाला तो पायलटच्या चुकीने. अटीचा भंग आणि अपघात यांचा संबंध नसताना कंपनीला पैसे नाकारता येणार नाहीत, असे न्यायालय म्हणाले. अमेरिकेतल्या इतर काही राज्यांत असा संबंध पाहिलाच जात नाही, अट मोडली की संपले. ब्रिटनमध्ये २०१५ च्या विमा कायद्याने विमाधारकाला आधार दिला: झालेल्या नुकसानीचा धोका त्या भंगामुळे वाढलाच नसता हे त्याने दाखवले, तर कंपनीला त्या भंगाआड लपता येत नाही. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये एका मोटार-विम्याच्या प्रकरणात खासगी गाडी भाड्याने दिल्याचे कारण असतानाही पूर्ण नकार मान्य केला नाही, ‘नॉन-स्टँडर्ड’ तत्त्वावर ७५ टक्क्यांपर्यंत देण्याची वाट धरली. पण ते मोटारीचे प्रकरण. विमानाच्या पॉलिसीत हवाई नियमांचे पालन, प्रत्येक उड्डाणाच्या सुरुवातीला विमान उड्डाणयोग्य असणे आणि लॉगबुके अद्ययावत असणे या गोष्टी ‘पूर्वअट’ म्हणून घातलेल्या असतात. पूर्वअट म्हणजे ती पाळली नसेल तर कंपनीची जबाबदारीच सुरू होत नाही. न्यायालयात काय होईल याचा अंदाज बांधण्यापेक्षा नव्या इन्स्ट्रक्टरचे नाव ब्रोकरला ई-मेलने कळवणे स्वस्त पडते.

इंजिनाचे कलम मला सगळ्यांत रंजक वाटते, आणि तेच सगळ्यात कमी वाचले जाते. झीज, बिघाड, दोष हे हलच्या विम्यात बसत नाहीत, इतके सर्वांना ठाऊक असते. पण ‘बिघाड’ कुठे संपतो आणि ‘अपघात’ कुठे सुरू होतो, हे ‘युनिट’ या व्याख्येवर ठरते. ज्या भागाला ओव्हरहॉलचे ठरावीक आयुष्य दिलेले आहे, तो भाग म्हणजे एक युनिट. पूर्ण इंजिन, त्याला जोडलेल्या नेहमीच्या भागांसह, हे एकच युनिट. युनिटमधला बिघाड आणि त्याच युनिटच्या आतले त्याचे परिणाम पॉलिसीबाहेर; युनिटबाहेरचे परिणाम पॉलिसीत.

म्हणजे असे. तीन हजार फुटांवर एक व्हॉल्व्ह तुटला, त्याने पिस्टन फोडला, सिलिंडर गेला, क्रँककेसला तडा गेला. पायलटने सोयाबीनच्या शेतात विमान उतरवले. नोजव्हील मोडले, प्रॉपेलर वाकला, पंखाचे टोक बांधावर आपटले. नोजव्हील, प्रॉपेलर, पंख यांचे पैसे मिळतील. व्हॉल्व्हपासून क्रँककेसपर्यंतचा एक रुपयाही मिळणार नाही, कारण ते सगळे एकाच युनिटच्या पोटात घडले.

उलट, इंजिन ठणठणीत आहे आणि विद्यार्थ्याने लँडिंगमध्ये नाक आपटल्यामुळे फिरता प्रॉपेलर जमिनीला लागला. झटका क्रँकशाफ्टपर्यंत जातो, इंजिन उघडावेच लागते. हा अपघात, म्हणून इंजिनही विम्यात. पण लगेच पुढचे कलम येते: दुरुस्त केलेल्या किंवा बदललेल्या युनिटचे जितके आयुष्य वापरून झाले असेल, त्या प्रमाणात ओव्हरहॉलचा खर्च वजा. सेस्ना १७२ एस ला बसणाऱ्या लायकमिंग इंजिनाचे ओव्हरहॉलचे आयुष्य २,००० तास. तुमच्या इंजिनाचे १,५०० झालेले असतील आणि ओव्हरहॉलला, समजा, ३० लाख लागत असतील, तर साडेबावीस लाख तुमचे. त्यावर डिडक्टिबल, म्हणजे दर दाव्यात तुम्हीच सोसायची ठरीव रक्कम, वेगळे. कंपनीचे म्हणणे चुकीचे नाही, तीन चतुर्थांश झिजलेल्या इंजिनाच्या बदल्यात नवेकोरे का द्यायचे? पण फ्लाइंग स्कूलच्या चालकाने हा आकडा अपघातानंतर पहिल्यांदा ऐकला, तर त्याला तो दरोडाच वाटणार. म्हणून दर महिन्याला इंजिनाच्या तासांबरोबर ‘आज अपघात झाला तर आपला वाटा किती’ हा रकानाही भरावा. आकडा वाढत गेला की तेवढी रक्कम बाजूला ठेवता येते.

याच कलमात दोन-तीन शब्द आणखी आहेत: हळूहळू साचत जाणारे नुकसान बाहेर, पण ‘नोंद झालेल्या एकाच घटनेमुळे’ झालेले नुकसान आत. धावपट्टीवरच्या खडीने प्रॉपेलरला किंवा टर्बाइनच्या पात्यांना टवके जातात. सहा महिन्यांनी तपासणीत ते दिसले तर ती झीज. पण अमुक तारखेला, अमुक उड्डाणात खडी उडाल्याचा आवाज आला, इंजिन बंद करून पाहिले, टवका दिसला, अशी टेक-लॉगमध्ये त्याच दिवशी नोंद असेल तर तोच टवका दावा बनतो. मेकॅनिकच्या हातातल्या पेनाने लाखोंचा फरक पडतो. पक्षी धडकल्यावर नुसते पुसून विमान पुढे काढणाऱ्यांना हे सांगायला हवे.

विमानाची किंमत लावतानाही घसरायला होते. ‘ॲग्रीड व्हॅल्यू’ म्हणजे विमान पूर्ण गेले तर ठरलेली रक्कम, घासाघीस नाही. मूळ नमुन्यात कंपनीकडे बदली विमान देण्याचाही पर्याय असतो. ॲग्रीड व्हॅल्यूचे एन्डॉर्समेंट तो काढून टाकते, म्हणून ते आहे ना, हे पाहावे. पुढचा प्रश्न रकमेचा. प्रीमियम वाचवायला ती कमी ठेवली, तर मध्यम अपघातातही दुरुस्तीचा खर्च तिच्या जवळ पोहोचतो. कंपनी विमान पूर्ण गेले असे ठरवते, पैसे देते आणि सांगाडा घेऊन जाते. त्या पैशांत बाजारात तसे विमान मिळत नाही. रक्कम भरमसाट लावली, तर उलटे. मोडीत काढायच्या लायकीचे विमानही कंपनी दुरुस्तच करून देते, कारण तेच तिला स्वस्त पडते. ते काम महिनोन्‌महिने चालते आणि या काळातले बुडालेले उत्पन्न हलच्या विम्यात कुठेच नसते.

आता माणसे. प्रवाशांच्या भरपाईचा भाग वाचताना फ्लाइंग स्कूलने एक प्रश्न विचारायचा: आमचा विद्यार्थी कोण? दुसऱ्या आणि तिसऱ्या भागांतून विमानचालनाच्या कामात असलेला क्रू आणि कामावर असलेले कर्मचारी वगळलेले असतात. इन्स्ट्रक्टर तर सरळच बाहेर. विद्यार्थी फी भरून बसला आहे म्हणून तो प्रवासी, की हातात कंट्रोल आहेत म्हणून क्रू? मजकुरात स्पष्ट लिहिलेले नसेल, तर हा वाद एखाद्या कुटुंबाच्या सर्वांत वाईट दिवसांत उभा राहतो. दोघांसाठी पर्सनल ॲक्सिडेंटचा वेगळा विमा आणि विद्यार्थ्याची जबाबदारी धरल्याचे लेखी एन्डॉर्समेंट, याशिवाय माझ्या मते विद्यार्थ्याला विमानात बसवूच नये. पालकांनीही प्रवेशाच्या वेळी ताफ्यातल्या विमानांचे फोटो पाहण्याआधी हे कागद मागावेत.

रकमेच्या मर्यादेत आणखी एक पेच असतो. अमेरिकेतल्या छोट्या विमानांच्या पॉलिसीत तो नेहमी दिसतो: वर ठळक दहा लाख डॉलर, खाली बारीक अक्षरात दर प्रवाशामागे एक लाख. तीन प्रवासी असतील तर त्यांच्यासाठी एकूण तीनच लाख. वरचा आकडा शोभेचा. आपल्याकडच्या पॉलिसीतही ‘प्रत्येक घटनेमागे’ आणि ‘प्रत्येक व्यक्तीमागे’ हे दोन्ही आकडे शोधावेत.

त्रयस्थांच्या भागात तुमच्या ताब्यातली किंवा देखरेखीखालची मालमत्ता वगळलेली असते. भाड्याने घेतलेले हँगर तुमच्याच ताब्यात. विमानाला आग लागून हँगर जळाले तर? इथे भाडेकरार शेजारी ठेवावा. त्यात बहुधा असे कलम असते की भाडेकरू सर्व नुकसान भरून देईल, चूक कोणाचीही असो. पॉलिसीचा अपवाद म्हणतो, करारामुळे अंगावर घेतलेली जास्तीची जबाबदारी आमची नाही. दोन्ही कागद आपापल्या जागी बरोबर. त्यांच्या मधोमध तुम्ही. देखभालीच्या कंत्राटातही उलट्या दिशेने तेच घडते. वर्कशॉप आपली जबाबदारी ठरावीक रकमेपुरती बांधून घेते. तुम्ही सही करता. आणि विमा कंपनीचा वर्कशॉपकडून वसुली करण्याचा हक्क तुम्ही परस्पर सोडून दिलेला असतो. अशी कंत्राटे सहीआधी कंपनीला दाखवून तिची लेखी संमती घ्यायची असते.

बँकेचे नाव पॉलिसीत असते, त्याने चालक निश्चिंत होतात. व्यापारी विमानांत ‘एव्हीएन ६७बी’ हे एन्डॉर्समेंट बँकेला किंवा लीझ देणाऱ्याला संरक्षण देते: चालकाने अट मोडली तरी त्यांचा विमा शाबूत. चालकाचा नव्हे! पायलट अपात्र निघाला तर बँकेचे थकलेले कर्ज फिटेल, तुमच्या हाती काही येणार नाही.

पुन्हा युद्धाकडे येऊ, कारण शांततेच्या काळात छोट्या विमानवाल्याला ते कलम आपले वाटत नाही. ‘एव्हीएन ४८बी’ हा अपवाद ऑल रिस्क्स पॉलिसीला जवळजवळ नेहमी चिकटलेला असतो. त्यात युद्ध, अण्वस्त्र, अपहरण, सरकारी जप्ती तर आहेतच. शिवाय संप, दंगल, कामगारांची अशांतता आणि कोणतेही द्वेषमूलक कृत्य किंवा घातपातही आहे. काढून टाकलेल्या कामगाराने रात्री येऊन टायर कापले, इंधनाच्या टाकीत वाळू टाकली, तर विम्याच्या हिशेबात ते ‘वॉर’. त्रयस्थ आणि प्रवाशांच्या बाजूने हे धोके ‘एव्हीएन ५२ई’ सारख्या एन्डॉर्समेंटने परत विकत घेता येतात. विमानाच्या नुकसानीसाठी ‘हल वॉर’ ही वेगळी पॉलिसी लागते, तिचा लंडनमधला मजकूर ‘एलएसडब्ल्यू ५५५डी’. ब्रोकर ‘वॉर घेतले आहे’ म्हणाला, तर या दोहोंपैकी कोणते, हे विचारावे. बहुतेकदा एकच असते.

हल वॉरलाही स्वतःचे अपवाद आहेत. ब्रिटन, अमेरिका, फ्रान्स, रशिया आणि चीन यांपैकी कोणत्याही दोघांत युद्ध झाले, तर पॉलिसी आपोआप संपते, मग तुमचे विमान धुळ्याच्या हँगरमध्ये का असेना. कंपनी सात दिवसांच्या नोटिशीवर कव्हर काढून घेऊ शकते. ११ सप्टेंबर २००१ नंतर विमा कंपन्यांनी जगभरच्या त्रयस्थ-वॉर कव्हरवर हेच केले, आणि विमाने जमिनीवर राहू नयेत म्हणून सरकारांना हमी द्यावी लागली. नोंदणीच्या देशातल्या सरकारने केलेली जप्ती बहुधा बाहेर असते. आणि कर्ज, थकबाकी किंवा कोणत्याही आर्थिक कारणाने विमान अडकले तर तेही बाहेर. गो फर्स्टने मे २०२३ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला, तेव्हा परदेशी मालकांची विमाने भारतात अडकली. ५४ विमानांची नोंदणी रद्द करा असा आदेश दिल्ली उच्च न्यायालयाकडून यायला एप्रिल २०२४ उजाडला. ते वर्षभराचे अडकणे या आर्थिक कारणांच्या जातीचे.

आणि ‘एकत्रित मर्यादा’ नावाची एक ओळ. २ ऑगस्ट १९९० ला इराकी फौजा कुवेतमध्ये घुसल्या आणि कुवेत एअरवेजची विमानतळावर उभी असलेली १५ विमाने घेऊन गेल्या. प्रत्येक विमानाचा विमा होता, पण जमिनीवर एका ठिकाणी होणाऱ्या एकत्रित नुकसानीची मर्यादा ३० कोटी डॉलर होती, आणि विमानांची किंमत त्याच्या दुपटीहून जास्त. वाद थेट हाऊस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला. चार सेस्ना एकाच पत्र्याच्या हँगरमध्ये ठेवणाऱ्याने वादळ, पूर, आग यांच्या संदर्भात आपल्या हल पॉलिसीत अशी ओळ आहे का, हे जरूर पाहावे.

अपघात की घातपात, हे वर्षभर कळलेच नाही तर? ८ मार्च २०१४ ला नाहीसे झालेले मलेशिया एअरलाइन्सचे एमएच ३७० कशाने गेले, ते अजून ठरलेले नाही. एव्हीएन १सी प्रमाणे ६० दिवस ठावठिकाणा नसलेले विमान गेलेच असे धरतात. पण पैसे ऑल रिस्क्सवाल्यांनी द्यायचे की वॉरवाल्यांनी? दोन्ही पॉलिसींत ‘५०/५० तात्पुरत्या भरपाईचे’ कलम असेल, तर दोघांनी आधी अर्धे-अर्धे द्यायचे आणि मग आपसांत भांडायचे. हे कलम दोन्हीकडे असावे लागते, एकीकडे असून उपयोग नाही. दोन्ही पॉलिसी शक्यतो एकाच तारखेला संपाव्यात, ॲग्रीड व्हॅल्यूही दोन्हींत सारखीच असावी.

तपासायची माझी पद्धत साधी आहे. घटना लिहायच्या: सोलो विद्यार्थी धावपट्टी सोडून नाल्यात गेला, इन्स्ट्रक्टर जखमी, हँगरला आग, टाकीत वाळू, ट्रेलर कलंडला, प्रात्यक्षिकाच्या दिवशी पाहुणा आसनात, पायलटचे मेडिकल काल संपले. प्रत्येक घटनेपुढे पैसे कोणत्या पॉलिसीच्या कोणत्या कलमाखाली मिळणार ते लिहायचे. जागा कोरी राहिली तिथे भोक. ही यादी ब्रोकरला धाडून कलमांच्या क्रमांकासह लेखी उत्तर मागावे. ‘सगळे कव्हर आहे, साहेब’ हे फोनवरचे उत्तर धरू नये. हे सगळे रिन्यूअलच्या दोन महिने आधी, कारण एन्डॉर्समेंटचा एक शब्द बदलायचा तरी तो मुंबईहून पुनर्विमा कंपनीकडे आणि तिथून बहुधा लंडनला जाऊन परत यावा लागतो. उत्तर आले की पॉलिसीच्या फाइलमध्ये लावायचे आणि त्याची एक प्रत चीफ इन्स्ट्रक्टरच्या टेबलावर ठेवायची, कारण पुढच्या जुलैत नवा माणूस तोच कामावर घेणार आहे.